फ्लॉवरचं फूल, ग्रामरची जादू

श्रोतेहो, नमस्कार.

मंडईत आपण सहज म्हणतो, "अर्धा किलो फ्लॉवर द्या." भाजीवाला गड्डा तोलतो, आपण पिशवी पुढे करतो. इथे फुलाचा सौदा झालाय, हे दोघांच्याही गावी नसतं. कॉलीफ्लॉवर या नावामागे इटालियन 'काव्होलफियोरे' आहे, म्हणजे कोबीचं फूल. आपला फूलकोबीही तोच.

या फ्लॉवरला एक जुळा भाऊ आहे आणि रेडिओवर त्या दोघांत फरक करणं मला काही जमणार नाही. इंग्रजीत फूल आणि पीठ यांचा उच्चार एकच आहे. लिहिताना तेवढे ते वेगळे होतात, तेही अलीकडे. गहू दळून, कोंडा चाळून काढला की जे अगदी तलम उरतं, ते पिठातलं फूल. फ्रेंचमध्ये अजूनही त्याला 'फ्लर द फारीन' म्हणतात, पिठाचं फूल. सॅम्युएल जॉन्सनचा गाजलेला कोश १७५५ मध्ये निघाला, त्यातही पिठाला स्वतःचं स्पेलिंग मिळालेलं नव्हतं. पोळी लाटताना हे आठवलं तर गंमत वाटते.

भरभराटीचा इंग्रजी शब्द 'फ्लरिश' याच घरातला. लॅटिनमध्ये फूल म्हणजे 'फ्लोस' आणि फुलणं म्हणजे 'फ्लोरेरे'. आपलाही धंदा फुलतो, संसार बहरतो. फ्लरिशची दुसरी तऱ्हा मात्र आपल्या फुलण्यात नाही. तलवार हवेत गरागरा फिरवली तरी फ्लरिश, आणि सहीखाली झोकात ओढलेला फर्राटा तोही फ्लरिश. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी सही करायची तेव्हा नावाभोवती केवढी वेलबुट्टी!

आता ग्लॅमर. ग्रामरच्या नावानं ज्यांच्या कपाळावर आठ्या चढत, त्यांनी जरा सरसावून बसा. ग्लॅमर हे ग्रामरचंच स्कॉटलंडमध्ये बदललेलं रूप आहे, 'र'च्या जागी 'ल' आला इतकंच. मध्ययुगात ग्रामर म्हणजे लॅटिनची पोथीविद्या. ती येणारे मोजके, आणि न येणाऱ्यांची खात्री, की या मंडळींना मंत्रतंत्रही येत असणार. म्हणून स्कॉट लोकांच्या बोलीत ग्लॅमर म्हणजे नजरबंदी. डोळ्यांवर ग्लॅमर टाकलं की नसलेलं दिसायचं. वॉल्टर स्कॉटच्या लेखनातून एकोणिसाव्या शतकात हा शब्द स्कॉटलंडबाहेर पसरला. रुपेरी पडद्याच्या तारकांना तो पुढे चिकटला, आणि मला विचाराल तर त्याचा जुना अर्थ तिथे फारसा बिघडलेला नाही.

'हँडसम'मध्ये हँड म्हणजे हात उघडउघड आहे. आधी जे हाताळायला सोपं ते हँडसम, देखणेपणा मागाहून आला. 'नाइस'चं मूळ तर 'नेस्कियस', लॅटिनमधला अडाणी. शेकडो वर्षं नाइस म्हणजे मूर्खच होता.

'प्रिटी'वर मात्र माझा जीव आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द धूर्त, कावेबाज माणसासाठी होता. धूर्ताचा पुढे हुशार झाला, हुशारचा छानसा आणि छानशाचा गोड. हा प्रवास कसा झाला असेल, ते मराठी आजीला सांगावं लागत नाही. नातवानं लाडू पळवून वर हात मागे लपवले, की ती त्याचा गालगुच्चा घेत म्हणते, "लब्बाड!" त्या क्षणी त्या शब्दात दोष कुठे उरलेला असतो?

आपल्याही शब्दांची कुळं काही कमी विचित्र नाहीत. लावण्य हा शब्द संस्कृतातल्या 'लवण'वरून आला. लवण म्हणजे मीठ. लावण्य म्हणजे मुळात खारेपणा. नाकीडोळी नीटस असूनही एखादा चेहरा अळणी वाटतो, तेव्हा त्यात नेमकं काय कमी आहे, ते या शब्दानं ओळखलं होतं. फ्रान्सच्या किनाऱ्यावर मिठागरांत पाण्यावर मिठाचा नाजूक पापुद्रा धरतो. तो अलगद काढून घेतात आणि त्याला म्हणतात 'फ्लर द सेल', मिठाचं फूल. त्यांनी मिठाला फूल म्हटलं, आपण रूपाला मीठ.

तुमच्याकडे भाजी फोडणीला पडली असेल. मीठ घालायचं राहू नये, म्हणून मी इथेच थांबते. नमस्कार.