न पाहिलेल्या गावची आठवण

पस्तीस मिनिटं दिली आहेत. त्यातली दहा प्रास्ताविकात गेली, म्हणजे माझी पंचवीस. असो. विषय 'अ लेजंड', १९७०ची एल.पी. शेकिन स्टीव्हन्स अँड द सनसेट्स, वेल्समधल्या कार्डिफ-पेनार्थकडची मंडळी. रॉकाबिली, म्हणजे १९५०च्या दशकातलं अमेरिकन कंट्रीच्या वळणाचं रॉक अँड रोल, पुन्हा वाजवणाऱ्या ब्रिटिश बँडांपैकी हे फार आधीचे. या रेकॉर्डला नक्कल म्हणतात, ते मला खुपतं.

पण आधी इको, कारण रॉकाबिलीची ओळखच ती. अमेरिकेत मेम्फिसच्या सन स्टुडिओत त्याचा मालक सॅम फिलिप्स गायकाच्या मागे जो झटकन परतणारा पडसाद सोडायचा, तो कसा? टेप आधी रेकॉर्डिंगच्या हेडवरून, म्हणजे आवाज टेपवर उतरवणाऱ्या भागावरून जाते, मग ऐकण्याच्या हेडवरून. मधलं अंतर काटायला सेकंदाचा दहावा भाग, फार तर थोडा जास्त लागतो. तो उशिरा आलेला आवाज मूळ आवाजात मिसळायचा. झालं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. मामाने कुवेतहून स्पूलचा टेपरेकॉर्डर आणला होता, तीन हेडवाला. आजोळी कुणी हात लावायचा नाही, म्हणजे दुपारी मी लावायचा. एकदा आउटपुटची वायर पुन्हा इनपुटला खुपसली आणि मावशीला म्हटलं, गा. ती भोंडल्याचं 'ऐलमा पैलमा' गायला लागली, तर प्रत्येक शब्दामागे तिचाच शब्द. ती थांबली. "आत कोण आहे रे? मेलं मला वेडावतंय!" मी वायर काढायला गेलो, तर हात धरला. "थांब, थांब." आणि पुन्हा गायला लागली, पण आता जरा थांबून, त्या आतल्या बाईला जागा देत. गाणं तेच, चाल तीच, तरी लय बदलली. (हसू नका, पुढे मामा आला तो भाग मी गाळतोय.)

तर 'अ लेजंड'... वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली का? आली.

पटापट सांगतो. स्टीव्हन्सचा जन्म १९४८चा. मेम्फिसमध्ये एल्व्हिसची पहिली रेकॉर्ड निघाली, १९५४त, तेव्हा तो सहा वर्षांचा, तोही कार्डिफमध्ये. त्याला कुठली जुनी आठवण येणार? न पाहिलेल्या गावाचा पडसाद ऐकून तो गात होता, मावशीसारखा. वुडस्टॉकचा मोठा रॉक महोत्सव आदल्याच वर्षी झाला होता, गिटारवाले वीस-वीस मिनिटं आलापी करत होते, आणि हे दोन-अडीच मिनिटांत गाणं संपवून मोकळे.

मॉनमथजवळच्या रॉकफील्डमध्ये, म्हणजे शेतावरच्या स्टुडिओत, वेल्सच्याच डेव्ह एडमंड्स या गायक-गिटारवादकाने हे ध्वनिमुद्रण केलं. रेकॉर्ड चालली नाही. त्यात 'आय हिअर यू नॉकिंग' आहे. तेच गाणं एडमंड्सने त्याच वर्षी स्वतः गायलं आणि ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या नंबरवर! सनसेट्सना काय वाटलं असेल, विचार करा.

१९७६त टेडी बॉइजनी, म्हणजे पन्नाशीच्या दशकाच्या थाटात कपडे घालणाऱ्या रॉक अँड रोलच्या चाहत्यांनी, रेडिओवर रॉक अँड रोल लावा म्हणून, लंडनमध्ये बीबीसीवर मोर्चा नेला. कार्यक्रम मिळाला, तो स्टुअर्ट कोलमनने केला. याच कोलमनने पुढे निर्माता म्हणून स्टीव्हन्सचं 'धिस ओल हाउस' हे गाणं बसवलं, १९८१, पहिला नंबर. मधली अकरा वर्षं आणि पुढे रॉयल्टीवरून कोर्टात गेलेलं भांडण, ते चहाच्या वेळी विचारा. दुसरी चिठ्ठी आली, रेकॉर्डवर सुई ठेवतो.