बक्षीस नक्की कशाचं?

नमस्कार श्रोतेहो.

वीज जाते, तुम्ही फोन करता, दोन-तीन तासांनी माणूस येतो आणि दिवे लागतात. तो शिडी उचलून निघेपर्यंत तुमच्या फोनवर मेसेज येऊन पडलेला असतो. ‘आमच्या सेवेला शून्य ते दहापैकी किती गुण द्याल? फक्त दोन मिनिटं द्या आणि आकर्षक बक्षीस जिंका.’ तो माणूसही दारात जरा घुटमळतो. “दहा द्या हं मॅडम. आठ दिले तरी वरून विचारणा होते.”

वीज, पाणी, पाइपनं येणारा गॅस, इंटरनेट. या घरगुती सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना हल्ली आपलं मत हवं असतं, आणि त्यासाठी बक्षीस द्यायचीही तयारी असते. आज त्याबद्दलच बोलायचंय. माझं म्हणणं साधं आहे. बक्षीस समोर आलं की ते कशाच्या बदल्यात मिळतंय, हे आधी शोधायचं. कारण बदल्यात काहीतरी घेतलं जातंच. कधी तुमची दोन मिनिटं, कधी तुमची संमती, कधी पुढची दोन वर्षं, तर कधी थेट तुमचं बँक खातं.

आधी त्या शून्य ते दहाचं बघू. ही पद्धत फ्रेडरिक राइकहेल्ड यांनी 2003 साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या लेखातून मांडली आणि ती जगभर पसरली. ‘आमची शिफारस मित्राला कराल का?’ हा त्यातला एकमेव प्रश्न. नऊ किंवा दहा देणारे कंपनीचे चाहते. शून्यापासून सहापर्यंत गुण देणारे नाराज. सात आणि आठवाले बेरीज-वजाबाकीत धरलेच जात नाहीत. चाहत्यांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा केली की कंपनीचा गुणांक तयार.

आता हिशेब करून बघा. शंभर ग्राहकांपैकी चाळीस जणांनी नऊ दिले, तिसांनी आठ आणि तिसांनी सहा. सरासरी निघते 7.8, म्हणजे तशी बरीच म्हणायची. गुणांक मात्र चाळीस वजा तीस, म्हणजे दहा. आता आठ देणाऱ्या त्या सगळ्या तीस जणांना कोणीतरी ‘एक गुण वाढवा हो’ म्हणून गळ घातली आणि त्यांनी नऊ दिले. सरासरी 7.8 वरून 8.1 झाली, म्हणजे जेमतेम हलली. गुणांक दहावरून थेट चाळीस! दारात घुटमळणारा तो माणूस का घुटमळतो, ते आता लक्षात येईल. तुम्ही सहा म्हणजे ‘ठीकच’ असं समजून देता, तिकडे तुमची नोंद नाराजांत होते.

आणि घरगुती सेवांमध्ये तर ‘मित्राला शिफारस कराल का’ हा प्रश्न मला विनोदीच वाटतो. पाण्याची लाइन बहुतेक ठिकाणी एकाच संस्थेची असते. मी शिफारस केली म्हणून मित्र काय करणार, घर बदलणार?

पण मग जिथे ग्राहक सोडून जाऊच शकत नाही, तिथे कंपनीला समाधानाची एवढी फिकीर का? याचं एक उत्तर असं, की काही ठिकाणी नियामक संस्थांनी कंपनीचं उत्पन्नच त्या गुणांना जोडलंय. हेतू चांगला आहे. स्पर्धा नाही, तर निदान गुणांचा धाक तरी असावा. पण गुणांना पैसे जोडले की काय होऊ शकतं, याचं एक नमुनेदार प्रकरण कॅलिफोर्नियात घडलं.

सदर्न कॅलिफोर्निया एडिसन ही तिथली मोठी वीज कंपनी. ग्राहक समाधानाचे गुण चांगले आले तर कंपनीला जास्तीचे पैसे, वाईट आले तर कपात, अशी योजना होती. सर्वेक्षण एक स्वतंत्र संस्था करायची, म्हणजे कागदावर सगळं चोख. 2003 मध्ये कंपनीला निनावी पत्रं आली, आतल्याच माणसांनी लिहिलेली. चौकशीत निघालं ते असं: सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेकडे ग्राहकांची यादी जायच्या आधीच काही कर्मचारी ग्राहकांचे संपर्काचे तपशील बदलत होते. ज्याच्याकडून वाईट गुण येतील अशी धास्ती, त्याच्यापर्यंत फोन पोचायलाच नको! 2008 मध्ये कॅलिफोर्नियाच्या नियामक आयोगानं कंपनीला 3 कोटी डॉलर दंड केला, आणि या योजनेतून मिळवलेले पैसे परत करायला लावले ते वेगळेच.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की प्रश्नपत्रिकेला कोणी हात लावला नाही, उत्तरंही बदलली नाहीत. फक्त कोणाला विचारायचं, ते बदललं. तेवढंच पुरलं.

म्हणून ‘आमचे इतके टक्के ग्राहक समाधानी’ अशी जाहिरात दिसली की मी विचारते, इतके टक्के, पण कोणापैकी? बघा, फोनवर संगीत ऐकत पाऊण तास थांबून ज्यानं कंटाळून फोन ठेवला, त्याला तक्रार क्रमांक मिळालाच नाही. तक्रार क्रमांक नाही म्हणून तक्रार बंद झाल्याचा मेसेज नाही, आणि तो मेसेज नाही म्हणून सर्वेक्षणही नाही. सगळ्यात वैतागलेला माणूस आकड्यातून आपोआप गळतो. त्यासाठी कोणाला लबाडीही करावी लागत नाही.

आणि माणसं पुष्कळ विचारली म्हणजे उत्तर बरोबर, असंही नसतं. 1936 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त भरून परत आल्या. त्यांच्या आधारे साप्ताहिकानं सांगितलं, आल्फ्रेड लँडन जिंकणार. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पाठवायची यादीच एका बाजूला झुकलेली होती, आणि ज्यांनी परत पाठवल्या ते न पाठवणाऱ्यांसारखे नव्हते. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारलं होतं, पण निवड विचारपूर्वक केली होती. विजेता त्यांनी बरोबर सांगितला.

इंग्लंड आणि वेल्समध्ये पाणी कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ऑफवॉट या संस्थेनं 2020 पासून जी पद्धत आणली, तिच्यात हे भान दिसतं. नुकताच कंपनीशी संपर्क केलेल्या ग्राहकांना विचारायचं, आणि त्याशिवाय सर्वसाधारण घरांनाही विचारायचं, ज्यांनी कधी फोन केला असेल किंवा नसेल. मला ही विभागणी शहाणपणाची वाटते. सगळा प्रश्न तिनं सुटतो असं नाही, पण गप्प बसलेला ग्राहक निदान मोजला तरी जातो.

प्रश्न कसे विचारलेत, तेही बघावं. ‘आमच्या तत्पर आणि सौजन्यपूर्ण सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?’ हे घ्या. माणूस बोलायला अगदी गोड होता, पण आला तिसऱ्या दिवशी. आता गुण कशाला द्यायचे? वर ‘तत्पर’ हा शेरा त्यांनी स्वतःच आधी मारून ठेवलाय. पर्यायही वाचा: ‘उत्कृष्ट, खूप चांगली, चांगली, समाधानकारक.’ वाईट म्हणायला जागाच ठेवलेली नाही. असं सर्वेक्षण जाहिरातीसाठी आकडा गोळा करायला काढलेलं असतं. त्यातलं बक्षीस त्या आकड्याची किंमत.

आता खुद्द बक्षिसाकडे येऊ. सर्वेक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट फार पूर्वीपासून माहीत आहे. प्रश्नावलीसोबत आधीच दिलेली छोटीशी रक्कम जितकी उत्तरं आणते, तितकी ‘भरून द्या, मग देऊ’ असं सांगून कबूल केलेली रक्कम आणत नाही, कबूल केलेली मोठी असली तरी. सोडतीचं आमिष तर त्याहूनही कमी कामाचं. खरोखर मत हवं असणारा माणूस छोटं काहीतरी देतो, आणि ते सगळ्यांना देतो. साध्या पाच प्रश्नांसाठी बक्षीस म्हणून महागडा फोन ठेवलेला दिसला, तर त्या पाच प्रश्नांसाठी तो नाही, एवढं नक्की समजा.

बऱ्याचदा प्रश्न हे नुसतं निमित्त असतं. शेवटच्या पानावर आधीच खूण केलेला एक चौकोन असतो: ‘माझी माहिती सहयोगी कंपन्यांना देण्यास माझी हरकत नाही.’ विजेच्या बाबतीत ही माहिती किरकोळ नाही. स्मार्ट मीटर दर अर्ध्या तासाची किंवा त्याहूनही बारीक नोंद ठेवू शकतो. त्या नोंदीवरून घरातले लोक उठतात कधी, दिवसभर घर बंद असतं का, चार दिवस सगळे गावाला गेले होते का, हे कळू शकतं. कॅशबॅकच्या बदल्यात हे द्यायचं का, ते तुम्ही ठरवा. पण ती खूण आधी काढा, आणि मग विचार करा.

सवलतींचा हिशेब मात्र पाटीवर मांडल्याशिवाय कळत नाही. दरमहा बिल हजार धरू. एक कंपनी म्हणते, पहिले तीन महिने वीस टक्के सूट, करार दोन वर्षांचा. दुसरी म्हणते, पूर्ण दोन वर्षं पाच टक्के कमी दर. ‘वीस टक्के’ जास्त घसघशीत वाटतं. पण पहिलीत वाचतात एकूण सहाशे, दुसरीत बाराशे. शिवाय पहिलीतून मध्येच बाहेर पडलात तर काय भरावं लागेल, तो आकडा बारीक अक्षरात शोधा. सूट ‘क्रेडिट’ म्हणून देणार असतील तर ते पुढच्या बिलातून वळतं होणार, की ठरावीक मुदतीत वापरलं नाही तर बुडणार, हेही विचारा. आणि सूट युनिटच्या दरावर आहे की दरमहा लागणाऱ्या स्थिर आकारावरही? ज्यांचा वापर थोडा, त्यांच्या बिलात स्थिर आकाराचा वाटा मोठा असतो. त्यांना दरातल्या सुटीचा फारसा उपयोग होत नाही.

आणखी एक प्रकार आहे, आणि तो मला मनापासून आवडतो: मागणी शिगेला असते त्या तासांत वापर कमी करा आणि बिलात परतावा मिळवा. इथे कंपनीला खरोखर काहीतरी हवं असतं आणि ते ती उघड सांगते. त्या वेळची वीज तिला महाग पडते, म्हणून वाचवलेल्या युनिटचे पैसे द्यायला परवडतात. फक्त ‘कमी’ म्हणजे कशापेक्षा कमी, ते समजून घ्यायचं. सहसा आधीच्या काही दिवसांच्या तुमच्याच वापराची सरासरी काढतात. जे कुटुंब आधीपासून काटकसरीनं राहतं, त्याला आणखी कापायला जागाच नसते, म्हणून त्याला परतावाही कमी. थोडा अन्याय आहे खरा. तरीही अशा योजनेत भाग घ्यायला माझी ना नाही, अट एवढीच की वापर वाढला तर दंड नसावा.

आता उरली उघड फसवणूक. तिची चाल वरून अगदी अशीच दिसते: कंपनीचं बोधचिन्ह, गुण द्या, ‘अभिनंदन, तुम्ही जिंकलात’, आणि मग बक्षीस जमा करायला कार्डाचा नंबर, ओटीपी किंवा पिन. पैसे घेणाऱ्याला पिन किंवा ओटीपी द्यावा लागत नाही. तो लागतो पैसे देणाऱ्याला. बक्षिसासाठी ‘प्रक्रिया शुल्क’ मागितलं, तर बक्षीस तुम्हीच त्यांना देताय. तुमच्या फोनची स्क्रीन समोरच्याला दाखवणारं एखादं अॅप उतरवून घ्यायला सांगितलं, तर तिथेच फोन ठेवा.

लिंकमध्ये कंपनीचं नाव दिसलं म्हणून भुलू नका. पत्त्यातली पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा, आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते वाचा. खरा मालक तिथे असतो. त्याच्याही डावीकडे कोणी कंपनीचं नाव चिकटवू शकतो, त्याला काही खर्च येत नाही. शंका आली तर मेसेजमधल्या नंबरवर फोन करून खात्री करू नका, तिकडून ‘हो, खरं आहे’ असंच सांगतील. जुनं बिल काढा आणि त्यावर छापलेल्या नंबरवर विचारा. आणि खऱ्या कंपनीकडे तुमचा ग्राहक क्रमांक, पत्ता, मीटरचा नंबर सगळं असतं. मत विचारायला आलेला तेच पुन्हा तुम्हाला विचारत असेल, तर त्याच्याकडे ते नाही म्हणूनच विचारतोय.

प्रश्नावली खरी निघाली, प्रश्न सरळ आहेत, भरावीशी वाटली, तर गुणांपेक्षा खालच्या रिकाम्या चौकोनावर वेळ घालवा. ‘सेवा वाईट आहे’ असं लिहिलं तर त्याचं कोणी काही करू शकत नाही. तक्रार क्रमांक, तारीख, कोणत्या दिवशी येतो म्हणाले, कोणत्या दिवशी आले, बिल दुरुस्त झालं की नाही, एवढं चार ओळींत लिहा. पण लक्षात ठेवा, प्रश्नावलीत लिहिलेली तक्रार ही बहुतेक ठिकाणी तक्रार म्हणून नोंदली जात नाही. तिची मुदत सुरू होत नाही आणि पुढे अपील करताना ती दाखवता येत नाही. तक्रार रीतसर वेगळी नोंदवा, क्रमांक घ्या.

दारातल्या त्या माणसाचं काय करायचं, असं तुम्ही विचाराल. त्यानं काम नीट केलं असेल तर मी त्याला दहा देते आणि चौकोनात लिहिते, ‘हे दहा कामगाराला, फोन उचलायला पाऊण तास लावणाऱ्या व्यवस्थेला दोन.’ कंपनी ते वाचते की नाही, देव जाणे. पण ज्या सर्वेक्षणात ‘तुमचं काम झालं का’ हा प्रश्नच नसतो, ते मी बक्षिसासकट पुसून टाकते.

नमस्कार.