मिस्टर क्लॉकचं तिकीट

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोट नुकतीच सुटलेली असते. पुढची येईपर्यंतची दहा मिनिटं संपता संपत नाहीत. आणि रांगेत शाळेतला जुना मित्र भेटला, तर तीच दहा मिनिटं कुठे गेली कळत नाही. असं काही बोललं की कुणीतरी पटकन म्हणतं, "हीच ती आइन्स्टाइनची सापेक्षता!" नव्हे, श्रोतेहो. ही सापेक्षता नव्हे. का नव्हे, ते सांगायचं तर १९७१ सालची एक गोष्ट सांगायलाच हवी. माझी फार आवडती गोष्ट आहे.

अमेरिकेत जोसेफ हाफेले नावाचे भौतिकशास्त्रज्ञ आणि रिचर्ड कीटिंग नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. वेगात जाणारं घड्याळ मागे पडतं आणि उंचावरचं घड्याळ पुढे जातं, हे आइन्स्टाइन सांगून गेले होते. या दोघांना ते खरीखुरी घड्याळं फिरवून तपासायचं होतं. त्यासाठी त्यांनी काय केलं? तुम्हीआम्ही बसतो त्या साध्या प्रवासी विमानांची तिकिटं काढली. सोबत चार सीझियम घड्याळं, म्हणजे सीझियमच्या अणूंवर चालणारी अतिशय अचूक घड्याळं. ही चांगली अवजड पेटाऱ्यांसारखी, मांडीवर घेण्याजोगी नव्हेत. म्हणून घड्याळांचीही तिकिटं काढली. तिकिटावर प्रवाशाचं नाव काय? मिस्टर क्लॉक. होय, मिस्टर क्लॉक! माणसांच्या आसनांवर घड्याळं बसली, पट्टे बांधले, आणि निघाली पृथ्वीप्रदक्षिणेला. एकदा पूर्वेकडे, एकदा पश्चिमेकडे. सगळा खर्च सुमारे ८,००० डॉलर, आणि त्यातले ७,६०० नुसते विमानभाड्याचे.

परत आल्यावर जमिनीवरच्या घड्याळांशी ताळा केला. पूर्वेकडे गेलेली घड्याळं ५९ नॅनोसेकंद मागे पडली होती. पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे होती. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. पुन्हा सांगतो: पूर्वेकडे मागे, पश्चिमेकडे पुढे. पृथ्वी स्वतःच पूर्वेकडे फिरते. तो वेग पूर्वेच्या विमानात मिळवला जातो, पश्चिमेच्या विमानातून वजा होतो. उंचीमुळे मात्र दोन्ही फेऱ्यांत घड्याळं थोडी पुढेच सरकतात. हा सगळा हिशेब आणि आइन्स्टाइनचं गणित जुळलं.

मोबाइलवरचा नकाशाही याच गणितावर चालतो. उपग्रहांतली घड्याळं दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ती दुरुस्ती केली नाही, तर नकाशा एका दिवसात दहा किलोमीटर चुकेल. तरीही वाड्यावर शिरल्यावर पसरकाराला, म्हणजे दुकानदाराला, वाट विचारावी, असं माझं ठाम मत आहे. चार शब्द बोलणं होतं, माणसं कळतात.

तर मुद्दा असा. विमानात हाफेले आणि कीटिंग यांना या फरकाचा जराही पत्ता लागला नाही, लागणारही नव्हता. तिथे घड्याळ बदललं, अनुभव नाही. धक्क्यावर अनुभव बदलतो, घड्याळ नाही.

मग अनुभव का बदलतो? २००७ साली डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना ३१ मीटर उंचीवरून खालच्या जाळ्यात सोडलं. दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा आपलं पडणं लोकांना सरासरी ३६ टक्के लांब वाटलं. पण पडताना मनगटावर बांधलेल्या यंत्रातले झरझर बदलणारे आकडे त्यांना एरवीपेक्षा जास्त नीट वाचता आले नाहीत. म्हणजे त्या क्षणी वेळ मंदावली नव्हती. आठवण दाट झाली, म्हणून ते पडणं मागाहून लांब वाटलं. वास्कोच्या दामोदर सप्ताहात अखंड भजन चालतं ते घड्याळाने चोवीसच तास. गाताना लक्ष तालावर असतं, वेळेवर नसतं. पण दुसऱ्या दिवशी तीच रात्र सांगायला बसा, किती मोठी होते!

म्हणून अनुभवाची वेळ खोटी म्हणून मोडीत काढायला मी तयार नाही. तत्त्वज्ञ रुडॉल्फ कार्नाप यांनी लिहून ठेवलंय की 'आत्ता'चा प्रश्न आइन्स्टाइनना फार सतावत असे. भूत आणि भविष्य यांच्याहून 'आत्ता' माणसाला काहीतरी निराळा वाटतो, आणि भौतिकशास्त्रात तो निराळेपणा कुठेच सापडत नाही. कार्नापना हा प्रश्न मानसशास्त्राने सुटेलसा वाटत होता. आइन्स्टाइनना तसं वाटत नव्हतं, आणि मी आइन्स्टाइनच्या बाजूचा आहे.

नमस्कार.