प्लाझ्मा वितळेपर्यंत

(दृश्य: लेबर रूम. सिस्टरच्या मुठीत काचेची नळी.)

साधी काचेची नळी. आत रसायन नाही, काही नाही. सिस्टरनं तिच्यात ५ मिलिलिटर रक्त घेतलंय आणि ऊब मिळावी म्हणून मुठीत धरलंय. ७ मिनिटांनी नळी तिरपी करायची. रक्त पातळच राहिलं, किंवा गाठ धरली पण हलवताच फुटली, तर बाळंतिणीच्या रक्ताची गोठायची ताकद संपत आलीय असं समजून कामाला लागायचं. लॅबचा रिपोर्ट मागाहून येतो. तोवर इथं कुणी हातावर हात ठेवून बसत नाही.

या बाईची वार, म्हणजे बाळाला पोसणारी नाळेची गादी, बाळंतपणाआधीच सुटली होती. अशा वेळी गोठण क्रिया सुरू करणारे घटक वारेतून आईच्या रक्तात उतरतात, अंगभर बारीक बारीक गुठळ्या होतात आणि त्यात फायब्रिनोजेन खर्ची पडतं. ज्याच्या धाग्यांनी गुठळी विणली जाते, ते हेच. गरोदरपणाच्या शेवटी ते लिटरमागे ४ ते ६ ग्रॅम असतं. म्हणून रिपोर्टवर २ हा आकडा आला की छापील तक्त्यात तो नॉर्मलच्या काठावर दिसतो; बाळंतिणीच्या बाबतीत मात्र डॉक्टर त्यानं हादरतात.

(दृश्य: सिरिंज, हळू दाबली जाणारी.)

हे ट्रॅनेक्सामिक ॲसिड. १ ग्रॅम, १० मिनिटांत. नवी गुठळी ते करत नाही, झालेली विरघळू देत नाही. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याचा हा शोध. बाळंतपणात बायका रक्त जाऊन मरतात, याच कारणानं उताकोबाई या कामात पडल्या होत्या. २१ देशांतल्या २० हजार बायकांवरची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली: ३ तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात. उताकोबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

(दृश्य: जिल्ह्याची रक्तपेढी. डीप फ्रीझर उघडतो.)

उणे ३० अंश. ही प्लाझ्माची, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या, गोठण घटक असलेल्या द्रवाची पिशवी विटेसारखी कडक. तंत्रज्ञ ती दुसऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळतो, तोंडाला पाणी लागू नये म्हणून, आणि ३७ अंशांच्या वॉटरबाथमध्ये सोडतो. २० ते ३० मिनिटं. पाणी जास्त तापवून घाई केली, तर ज्यासाठी पिशवी काढली ते घटकच वाया जातात. एकदा वितळलेली पिशवी पुन्हा गोठवून ठेवता येत नाही, म्हणून रक्तपेढी आधी डॉक्टरांची मागणीची चिठ्ठी मागते. चिठ्ठी घेऊन धावणारे हे बाळंतिणीचे दीर.

(दृश्य: तालुक्याचं रक्त साठवण केंद्र. छोटा फ्रिज.)

ती आधी इथं आली होती. फ्रिज २ ते ६ अंशांचा, आत लाल पेशींच्या पिशव्या. त्यातल्या दोन चढवून तिला पुढं पाठवलं. लाल पेशी प्राणवायू पोचवतात, रक्त गोठवत नाहीत. उलट त्या आणि सलाईन जितकं चढेल, तितके उरलेले गोठण घटक विरळ होतात. डीप फ्रीझर इथं नाही. वॉटरबाथही नाही. इमारत नवी आहे, बाहेर फलकही मोठा आहे.

जिल्ह्याला पोचेपर्यंत बाळ गेलं होतं. गर्भपिशवी काढावी लागली. बाई वाचली.

(दृश्य: रक्तपेढीचा फोन.)

आता या जिल्हा रुग्णालयात नळी भरली की त्याच मिनिटाला रक्तपेढीला फोन जातो आणि प्लाझ्मा वितळायला पडतो. चिठ्ठी मागाहून येते.