रॉक ऐकतो, पण 'काळच तसा होता' म्हणत नाही

नमस्कार. आधी ही वही दाखवतो, मागच्या रांगेतून नीट दिसणार नाही कदाचित. साधी शंभर पानी वही आहे, कॉलेजात आमचा चार पोरांचा बँड होता तेव्हाची, 1991-92 ची. तेव्हा इंटरनेट नव्हतं आणि आमच्याकडच्या सगळ्या कॅसेटी मित्राकडून भरून आणलेल्या, म्हणजे कव्हरच नाही, मग गाण्याचे शब्द कुठून आणायचे? तर टेप दोन सेकंद चालवायचा, स्टॉप, रिवाइंड, परत ऐकायचं, आणि जे कानावर पडेल ते देवनागरीत लिहून काढायचं.

ह्या पानावर रोलिंग स्टोन्स ह्या इंग्लिश रॉक बँडचं 'ब्राउन शुगर' आहे. पहिल्याच ओळीत 'गोल्ड कोस्ट' बरोबर लिहिलंय, पण पुढचा शब्द 'स्लेव्ह' आहे आणि आम्ही लिहिलंय 'सेलिंग'. म्हणजे आजच्या घानाच्या किनाऱ्यावरून माणसं कोंबून कापसाच्या शेतांकडे निघालेलं जहाज आमच्या वहीत नुसतं शीड लावून निघालेलं जहाज झालं. आणि तेच आम्ही गॅदरिंगला वाजवलं, पोरं बाकांवर उभी राहून नाचली.

खरे शब्द मला नोकरीला लागल्यावर एका सायबर कॅफेत वाचायला मिळाले. न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात विकलेली माणसं, मध्यरात्री बायकांना चाबकाने मारणारा तो गुलामांचा व्यापारी, आणि ह्या सगळ्याची चव घेतल्यासारखं गायलेलं ध्रुवपद. पोटात गोळा आला माझ्या. कारण त्या गाण्याची रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तो तुकडा, मी शेकडो वेळा वाजवली होती. स्टोन्सचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स गिटारची सहावी, सगळ्यात जाड तार काढूनच टाकतो आणि उरलेल्या पाच तारा 'ओपन जी' नावाच्या पद्धतीने लावतो, त्यामुळे डाव्या हाताने काहीही न दाबता उजवा हात नुसता फिरवला तरी पूर्ण कॉर्ड, म्हणजे जुळणाऱ्या सुरांचा गुच्छ, वाजते, आणि मग दोन बोटं वर-खाली करायची की झालं, खोलीभर आवाज भरतो. तो मोकळा आवाज मला तेव्हाही वेड लावायचा आणि आजही लावतो, शब्द कळल्यावरही लावतो, आणि माझी अडचण नेमकी हीच आहे.

ह्यावर एक तयार उत्तर मिळतं, अहो काळच तसा होता. मीही बरीच वर्षं हेच म्हणायचो. पण जरा खोलात गेलो तेव्हा ते गळ्याखाली उतरेना. जेरी ली लुईस हा अमेरिकन रॉक अँड रोल गायक 1958 च्या मे महिन्यात इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, सोबतची बायको म्हणजे त्याच्या नात्यातल्या भावाची 13 वर्षांची मुलगी आहे हे पेपरवाल्यांनी शोधून काढलं आणि तीन कार्यक्रमांत दौरा गुंडाळावा लागला. 1958 साली! मग कुठला काळ तसा होता?

दुसरं उदाहरण मला जास्त लागतं. जून 1976 मध्ये लंडनच्या साउथॉलला एका शीख तरुणाचा खून झाला होता, वातावरण पेटलेलं होतं, आणि 5 ऑगस्टला बर्मिंगहॅमच्या ओडियनमध्ये एरिक क्लॅप्टन हा इंग्लिश गिटारवादक-गायक दारूच्या नशेत स्टेजवरून म्हणाला की गर्दीत परके असतील त्यांनी निघून जावं, बाहेरून येणाऱ्यांच्या विरोधात बोलणाऱ्या इनॉक पॉवेल ह्या पुढाऱ्याला साथ द्या, ब्रिटन गोरं राहू द्या. हा माणूस काळ्या लोकांच्या ब्लूजवर मोठा झालेला, आणि दोनच वर्षं आधी जमैकाच्या बॉब मार्लीचं 'आय शॉट द शेरीफ' गाऊन अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलेला! त्याने ज्यांना परके म्हटलं त्यांच्यात तुमच्या-माझ्या नात्यातलेही असतील, तिकडे स्थायिक झालेले.

पण लोक गप्प बसले नाहीत. रेड सॉन्डर्स नावाच्या एका फोटोग्राफरने मित्रांना घेऊन संगीताच्या साप्ताहिकांना खरमरीत पत्र लिहिलं, तुझं अर्धं संगीत काळ्यांचं आहे हे त्याला तोंडावर सुनावलं, आणि त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' उभं राहिलं. एप्रिल 1978 मध्ये ट्रॅफल्गार स्क्वेअरपासून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत हजारो लोक चालत गेले, तिथे स्टील पल्स, द क्लॅश असे बँड वाजले. चूक ती चूकच आहे हे सांगणारी माणसं त्याच काळात होती आणि त्यातली कितीतरी रॉकवर जीव टाकणारीच होती. क्लॅप्टनने 2018 मध्ये जाहीरपणे लाज वाटते म्हटलं, ते मी ऐकलं. त्याचं 'लायला' हे गाणं मी ऐकतो. 'आय शॉट द शेरीफ' मात्र मार्लीच्याच आवाजात ऐकतो, क्लॅप्टनचं लागलं तर बंद करतो. ह्यात तर्क कमी आणि मन जास्त आहे, मान्य.

आता जिच्यासाठी मी आज इथे उभा आहे तिच्याबद्दल. मेरी क्लेटन, काळी अमेरिकन गायिका. लॉस एंजेलिस, 1969, मध्यरात्रीच्या सुमारास फोन येतो की इंग्लंडची काही पोरं आलीत, एक बाईचा आवाज हवाय. ती गरोदर, झोपायला निघालेली, केसांना कर्लर लावलेले, तशीच वरून कोट चढवून स्टुडिओत जाते. ती पोरं म्हणजे रोलिंग स्टोन्स, गाणं 'गिमे शेल्टर'. तिच्या वाट्याला आलेले शब्द बलात्कार आणि खून. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास हेडफोन लावून ऐका, 'मर्डर' शब्दावर तिचा आवाज वर जाता जाता फाटतो, आणि मागून स्टोन्सचा गायक मिक जॅगर चकित होऊन ओरडलेला ऐकू येतो, तो ओरडाही त्यांनी रेकॉर्डमध्ये ठेवलाय. त्यानंतर लवकरच तिचं मूल गेलं. तो आयुष्यातला फार काळोखा काळ होता असं तिने पुढे सांगितलंय. आणि रेकॉर्डवर नाव छापलं ते चुकीच्या स्पेलिंगने, नाताळच्या दिवशी जन्मली म्हणून आनंदी ह्या अर्थाने ठेवलेलं नाव (Merry), ते येशूच्या आईचं (Mary) करून टाकलं.

पुढे त्याच मेरीला लिनर्ड स्किनर्ड ह्या अमेरिकन बँडच्या 'स्वीट होम अलाबामा'साठी बोलावणं आलं. 1974 चं गाणं. अलाबामा म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतलं राज्य, तिथेही एक बर्मिंगहॅम आहे, तिथे 1963 च्या सप्टेंबरात चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार काळ्या मुली मारल्या होत्या. ती म्हणाली, मी अलाबामाचं कौतुक गाणार नाही. नवऱ्याने समजावलं, तेव्हा गेली, आणि आपलं गाणं हाच आपला निषेध असं मनाशी ठरवून गायली. कोरसमध्ये मागे ज्या बायका आहेत ना, त्यातली एक ती. हे कळल्यापासून मला ते गाणं पहिल्यासारखं ऐकूच येत नाही, मी मागचेच आवाज ऐकत बसतो.

म्हणून मला सगळं टाकून द्यायचं जमत नाही. स्टोन्सना कपाटात कुलूपबंद केलं तर मेरीही आत जाते. आणि डोळ्यावर कातडं ओढून नुसतं नाचायचं तेही आता जमत नाही. 'ब्राउन शुगर' आपण आता असं लिहिणार नाही हे जॅगर 1995 मध्येच म्हणाला, 2021 च्या दौऱ्यात त्यांनी ते वाजवणं थांबवलं. कीथचं म्हणणं की गाणं गुलामगिरीच्या भयानकतेबद्दलच आहे, लोकांना कळत नाही. असेल, पण ती रिफ भयानक वाटायला लावत नाही, ती नाचायला लावते, मी वाजवलीय म्हणून सांगतो. घरी एकटा असताना आजही वाजवतो, शब्दांशिवाय. लोकांसमोर नाही.

आमचा बँड अजून आहे, रविवारी जमतो. आता गायला एक ताई आहेत, शाळेत शिकवतात. 'गिमे शेल्टर' बसवताना मी त्यांना म्हटलं, तो फाटलेला आवाज काढून बघा ना एकदा. त्यांनी हेडफोन लावून तेवढाच तुकडा चार-पाच वेळा ऐकला, हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाल्या, ही जागा मी घेणार नाही, ही तिची आहे. आता तिथे आल्या की त्या माइकपासून मागे सरतात आणि तेवढ्या मात्रा आम्ही नुसते ड्रम्स ठेवतो.