पेपरोमियाची तहान

श्रोतेहो, घरातले पेपरोमियाचे रोप कोमेजले की आपला हात आधी पाण्याच्या झारीकडे जातो, आणि माझ्या अनुभवात या रोपाचा जीव बहुधा याच घाईने जातो. पेपरोमिया ही मिरी आणि नागवेल यांच्याच कुळातली. तिच्या हजाराहून अधिक जाती असून त्यांतल्या बहुसंख्य उष्ण कटिबंधातील अमेरिकेतल्या आहेत. तिथल्या दमट जंगलांत त्यांतल्या कित्येक जाती झाडांच्या खोडांवर, सालीच्या खाचांत साठलेल्या मूठभर पालापाचोळ्यात वाढतात, जिथे पाऊस वारंवार पडतो पण पाणी क्षणभरही तुंबत नाही. अशा जागी खोल मुळांचा उपयोग नसतो, म्हणून तिची मुळे बारीक आणि उथळ असतात, तर पाण्याची साठवण पानात होते. ऑब्ट्युसिफोलिया या पेपरोमियाच्या घरोघरी दिसणाऱ्या जातीचे जाड पान आडवे कापून पाहिले, तर वरच्या बाजूला रंगहीन पेशींचा थर दिसतो. तीच तिची टाकी.

आता हे रोप आपण मोठ्या कुंडीत, चिकट मातीत लावतो तेव्हा काय होते, ते पाहा. मुळे पोहोचलेली नाहीत अशी माती दिवसेंदिवस ओली राहते, तिच्यातली हवा संपते आणि मुळे कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नसल्यामुळे ओल्या मातीतही पाने मलूल होतात, आणि आपण आणखी पाणी घालतो! म्हणून कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा जेमतेम मोठी आणि तळाला भोक असलेली हवी. मिश्रणात कोकोपीटाबरोबर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाबरोबर, परलाइट हे हलके, सच्छिद्र पांढरे दाणे किंवा झाडाच्या सालीचे तुकडे भरपूर असावेत. पाणी केव्हा द्यायचे, हे कॅलेंडरला विचारू नये. जाड पानांच्या जातीत पान बोटांनी हलके दाबून पाहावे: ताठ असेल तर थांबावे, नरम लागले आणि मातीही कोरडी असेल, तरच पाणी द्यावे.

उजेड भरपूर, पण थेट दुपारचे ऊन नको. तापमान साधारण 18 ते 27 अंश सेल्सिअस पुरते. खत अगदी बेताने द्यावे.

रोपे वाढवण्याविषयी मात्र थोडे सविस्तर सांगतो, कारण तिथे एक गंमत आहे. देठासकट पान ओलसर मिश्रणात खोचले की काही आठवड्यांत मुळे आणि मग देठाच्या बुडाशी इवली रोपे फुटतात. परंतु पिवळ्या-पांढऱ्या कडांच्या ऑब्ट्युसिफोलियाचे पान असे लावले, तर येणारे रोप सहसा निव्वळ हिरवे निघते, कारण ती नक्षी वेगवेगळ्या गुणांच्या पेशींचे थर शेंड्यात एकत्र वाढत असल्यामुळे उमटलेली असते आणि पानाच्या बुडाशी फुटणाऱ्या नव्या कोंबात ते थर पूर्वीच्या रचनेत येत नाहीत. नक्षी टिकवायची असेल, तर डोळ्यासकट, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेसकट, फांदीचा तुकडाच लावावा.