पाठ फिरवली तरी वाजत राहणारं गाणं

हेडफोन असतील तर लावा. आधी नुसता ड्रम येतो, सुटे ठोके आणि मग एकदम धडधडधडधड, रात्री दोन वाजता कोणीतरी दार बडवतंय असं. मग बेस, मग कीबोर्ड, आणि गायकाचा अजून पत्ताच नाही. तो उगवतो दोन मिनिटं उलटून गेल्यावर. गाणं साडेसात मिनिटांचं, आणि गाण्याचं जे नाव आहे ते गाण्यात एकदाही येत नाही!

'ब्लू मंडे'. बँड न्यू ऑर्डर, गाव मँचेस्टर, रिलीज 7 मार्च 1983. हो, तेच मँचेस्टर, ज्याच्यामुळे आपण भूगोलाच्या पेपरात इचलकरंजीला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' लिहून एक मार्क मिळवायचो. हे गाणं आलं तोपर्यंत तिथल्या कापड गिरण्यांचे दिवस कधीच संपले होते.

ही मंडळी आधी जॉय डिव्हिजन या नावानं वाजवायची. 18 मे 1980 ला, अमेरिकेच्या टूरला निघायच्या आदल्या दिवशी, त्यांचा गायक इयान कर्टिस यानं आत्महत्या केली. वय फक्त 23. उरलेल्या तिघांनी नाव बदललं, ड्रमर स्टीफन मॉरिसची मैत्रीण गिलियन गिल्बर्ट कीबोर्डवर आली, आणि गिटार वाजवणारा बर्नार्ड समनर गायला लागला, कारण कोणीतरी गायला पाहिजेच होतं. त्याच्या आवाजात एक अवघडलेपण आहे, पण मला विचाराल तर या गाण्याला तोच आवाज शोभतो.

आता गंमत ऐका. या लोकांना एन्कोअरचा, म्हणजे शो संपल्यावर लोकाग्रहास्तव परत येऊन वाजवण्याचा, भयंकर कंटाळा. शो संपला की संपला, लोक ओरडत बसले तरी हे काही परत यायचे नाहीत. मग डोक्यात आलं की असं एक गाणं बनवू जे मशीनच वाजवेल, आपण बटण दाबायचं आणि आत जाऊन बिअर प्यायची. म्हणजे मूळ प्रेरणा काय, तर कामचुकारपणा.

पण त्या काळात आळशीपणा करायलाही प्रचंड मेहनत लागायची बरं का. लॅपटॉप नाही, काही नाही. ओबरहाइमचं डीएमएक्स ड्रम मशीन, बेससाठी मूग कंपनीचा सिंथेसायझर, आणि सिक्वेन्सर, म्हणजे भरलेले सूर ओळीनं आपोआप वाजवणारं यंत्र, तो तर समनरनं किट आणून स्वतः सोल्डरिंग करून बनवलेला. ड्रमचा पॅटर्न एकदा मस्त जमला आणि मॉरिसच्या पायानं पॉवरची वायर निघाली, सगळं गेलं, परत पहिल्यापासून. एम्युलेटर नावाचा महागडा सॅम्पलर होता, आपल्याला हवा तो आवाज त्यात रेकॉर्ड करून कीबोर्डवर वाजवायचा, तर तो शिकण्यासाठी या थोर कलाकारांनी तासन्‌तास काय रेकॉर्ड केलं? पादण्याचे आवाज. खरंच, मुलाखतींमध्ये स्वतःच सांगतात. त्याच यंत्रातून मग तो देवळातल्यासारखा गंभीर कोरस आला, तोही क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या रेकॉर्डवरून उचललेला.

आणि गिलियन. तिच्याकडे काम होतं अख्ख्या गाण्याचा एकेक सूर हातानं मशीनमध्ये भरायचा. तिनं ए-फोर कागद चिकटवून चिकटवून स्टुडिओभर लांब पट्टा केला होता, स्वेटरच्या विणीचा नमुना लिहितात तसा. त्यात भरताना एक सूर राहिला. एक टाका सुटला म्हणा ना. त्यामुळे ती धून तालापासून किंचित सरकलेली आहे, आणि ती तशीच ठेवली. त्या सरकण्यामुळेच गाणं कानात अडकून बसतं असं माझं ठाम मत आहे. वर बँडमधल्या पीटर हुकचा बेस गिटार, जो त्यानं क्लिंट ईस्टवूडच्या काउबॉय पिक्चरच्या संगीतावरून प्रेरणा घेऊन वाजवला. कशाचा कशाला संबंध नाही, पण बसलंय चपखल.

कव्हरची कथा तर वेगळीच. डिझायनर पीटर सॅव्हिलला त्यांच्याकडे फ्लॉपी डिस्क दिसली, त्यानं कव्हरच फ्लॉपीसारखं केलं, कापून पाडलेली भोकं, बँडचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही, कडेला फक्त रंगीत चौकोनांची सांकेतिक लिपी. ते छापायला इतकं महाग पडलं की सुरुवातीला प्रत्येक रेकॉर्ड विकल्यावर त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला, फॅक्टरी रेकॉर्ड्सला, तोटा व्हायचा, असं तेच सांगतात. तोटा किती, यावर मात्र प्रत्येकाचा आकडा वेगळा. आणि रेकॉर्ड खपतच राहिली! एकट्या ब्रिटनमध्ये दहा लाखांच्या वर, बारा इंची सिंगल्समध्ये सगळ्यात जास्त खपलेली हीच. गोल्ड डिस्क तेव्हा मिळाली नाही, कारण ती देणाऱ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेची फॅक्टरी मेंबरच नव्हती.

टीव्हीवर बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या कार्यक्रमात बाकी सगळे ओठ हलवून यायचे, यांनी हट्टानं लाइव्ह वाजवलं आणि माती खाल्ली. तरी त्याच वर्षी ऑक्टोबरात गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत परत चढलं, नवव्या नंबरपर्यंत. 1988 चा रिमिक्स तर तिसऱ्यावर गेला.

2016 च्या 7 मार्चला बीबीसीनं एक व्हिडिओ टाकला. तेच गाणं, पण फक्त 1930 च्या दशकात मिळणाऱ्या वाद्यांवर. चेहऱ्यावर मुखवटे घातलेली माणसं, हात न लावता वाजवायचं थेरेमिन, वाजवायची करवत, आणि हार्मोनियम, म्हणजे आपली पेटी. जे गाणं माणसांनी स्टेजवर थांबायला नको म्हणून बनवलं, त्यासाठी इथे खोलीभर माणसं घाम गाळतायत.